कावळ्यांची बाजू

दोन दगडांचं वळण,
६ जुलै

ती. मावशीस,

मर्नाचा सा. न. वि. वि. पाकिटावर तुझ्या घराऐवजी व्हाइटहॉर्सच्या हॉस्पिटलचा पत्ता लिहायला हात तयार होत नव्हता. दोनदा चुकले. एल्विनकाकाने पाकीट बघितलं आणि म्हणाला की हेस्टर खाटेवरून नर्सांना कामाला लावत असेल, नुसतं नाव लिहिलंस तरी पोचेल.

शिबिराची मुलं काल आली. निम्मी आपल्या गावांतली, निम्मी शहरातली, ज्यांचे आजी-आजोबा कुठून कुठून येऊन इथे राहिले ती. डासांनी दोघांचं स्वागत सारखंच केलं, त्यात भेदभाव नाही. माझं म्हणशील तर तंबू, पीठ, औषधं, कुणाला काय चालत नाही आणि कुणाला रात्री घरची आठवण येऊन रडू येतं, हे सगळं माझ्याच डोक्यावर. ऑफिसात या कामाला 'समन्वयक' म्हणतात. एल्विनकाका 'हमाल' म्हणतो.

राजा सामन मासा यंदाही धरायचा नाही, बंदी उठलेली नाही. नदी तशीच रुंद, तशीच गढूळ, पण बघवत नाही. छोटं जाळं टाकलंय, त्यात पांढरे मासे येतात. त्यांच्यावरच मुलांना चाकू धरायला शिकवते. तुझं मासे कापायचं टेबल घासून उन्हात ठेवलंय. त्यापाशी तू नाहीस, हे मुलांना कळत नाही. मला कळतं.

एक गंमत सांगते. रात्री जेवताना आपली मुलं सवयीने आपापल्या कुळाप्रमाणे शेकोटीच्या दोन बाजूंना बसली, लांडगे इकडे, कावळे तिकडे. शहरातली ताटं घेऊन मधेच उभी. त्यांच्यात पायपर नावाची सोळा वर्षांची पोरगी आहे, तिच्याहून तिची बॅग मोठी आणि बॅगेहून तिचे प्रश्न मोठे. तिने विचारलं की आम्ही कुठे बसायचं. मी म्हटलं, कुठेही बसा. तर ती बसलीच नाही. उभ्याने जेवली.

डॉक्टर काय म्हणतात ते खरं खरं कळव. लोभ आहेच, त्यात पथ्यपाण्याची भर घाल.

तुझी,
मर्ना

*

व्हाइटहॉर्स,
१३ जुलै

चि. मर्नास,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

कुठेही बसा? तुझ्या आईने तुला हे शिकवलं नाही आणि मी तर नाहीच नाही. 'कुठेही बसा' असं बसस्टँडवर सांगतात. ज्याला बाजू नाही त्याला काम नाही, आणि ज्याला काम नाही तो पाहुणा. पाहुणा जेवतो, फोटो काढतो, जातो. तुला पाहुणेच गोळा करायचे असतील तर हॉटेल काढ.

त्या सगळ्यांना कावळ्यांच्या बाजूला बसव. हेस्टर सायलसने बसवलंय म्हणून सांग. इतकी म्हातारी झाले ती काय उगाच? एवढा अधिकार मला आहे. तू लांडगा, मी लांडगा, आपल्या बाजूला गर्दी पुरे आहे. कावळ्यांकडे बघ. गावात उरलेत कोण? एल्विन, त्याचा एक गुडघा गेलेला, आणि त्याचा भाचा डार्सी, तो उन्हाळाभर वणवे विझवत हिंडतो. उद्या मी गेले तर खड्डा कोण खणणार? तुम्ही लांडगे तर मांडीवर हात ठेवून बसणार. एल्विन एकटा खणायला लागला तर मला बर्फ पडेपर्यंत थांबावं लागेल.

रागावू नकोस. तुझं नाक फुगलेलं मला इथून दिसतंय.

दुसरी गोष्ट एकदाच लिहिते. मला घरातून उचलून त्या सरकारी निवासी शाळेत नेलं तेव्हा मी सात वर्षांची होते. बोट ह्याच वळणावरून गेली. तिथे मला कुणी बाजू दिली नाही. नंबर दिला. दहा वर्षं मी कुणाचीच कुणी नव्हते. म्हणून सांगते, माझ्या शेकोटीपाशी कुणाचंही पोर ताट घेऊन उभं राहता कामा नये, मग ते कुठून का आलेलं असेना.

फुप्फुसात पाणी होतंय, डॉक्टर काढतात, पुन्हा होतं. खरं खरं विचारलंस म्हणून लिहिलं. मला वळणावर यायचंय, मर्ना. एकदाच. दोन रात्री पुरे. त्याची व्यवस्था कर, समन्वयक आहेस ना?

तुझी मावशी,
हेस्टर

*

दोन दगडांचं वळण,
१९ जुलै

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. धपाटा पोचला. अभद्र बोलायची तुझी सवय काही जात नाही. पुन्हा खड्ड्याबिड्ड्याचं लिहिलंस तर पत्र वाचणार नाही.

पण सांगितलंस तसं केलं. तुझं पत्र शेकोटीपाशी मोठ्याने वाचलं (खड्ड्याचं सोडून) आणि शहरातल्या मुलांना कावळ्यांच्या बाजूला बसवलं. मला वाटलं होतं हसतील. शाळेचं आणि नंबराचं वाचल्यावर ताटं घेऊन आपणहून तिकडे सरकली. मग पायपरने विचारलं की कावळ्यांनी करायचं काय असतं. एल्विनकाकाने सांगितलं, लांडग्यांच्या घरी दुःख आलं की कावळे लाकडं आणतात, स्वयंपाक करतात, सगळं हाताने करतात, लांडग्यांनी फक्त बसायचं. कावळ्यांच्या घरी आलं की उलटं. पायपर म्हणाली, मग लांडग्यांची चैनच आहे. काका म्हणाला, एकदा बसून बघ म्हणजे कळेल.

तेव्हापासून तिने पाणी भरायचं काम अंगावर घेतलंय. कुणी विचारलं तर सांगते, मी कावळा आहे. सोबत तिने कापून धुरावलेल्या माशाची पट्टी पाठवतेय. तिचा पहिला मासा आहे, जरा सांभाळून बोल.

ऑफिसने कळवलंय की पुढच्या वर्षी हे शिबिर होईलच असं नाही. मी मुलांना सांगितलेलं नाही.

तुझ्या येण्याचं. मावशी, मी खूप विचार केला. इथे नर्स नाही, बोटीचा रस्ता अर्ध्या दिवसाचा. मुलांच्या डोळ्यांदेखत तुला काही झालं तर त्यांच्या आईबापांना मी काय तोंड दाखवू? ३ ऑगस्टला शेवटचा दिवस, तेव्हा पालक येतील, त्यांच्या बोटीत नर्सही असेल. त्या दिवशी ये. तुझ्यासाठी माशाच्या डोक्याचं कालवण करून ठेवते, डोळे काढणार नाही. थोडे दिवस कळ काढ.

तुझी,
मर्ना

*

व्हाइटहॉर्स,
२४ जुलै

चि. मर्नास,

आशीर्वाद. अक्षर वेडंवाकडं आहे, हातात सुई आहे.

पायपरला सांग, पट्टी एका टोकाला बोटाएवढी जाड आणि दुसऱ्या टोकाला कागदासारखी. अर्धी जिभेवर विरली, अर्धी दात सोडेना. चाकू दाबते ती. दाबायचा नाही, माशाला कळतं कुठे सुटायचं ते. सगळी खाल्ली म्हणून सांग. आणखी एक पाठव म्हणावं, ह्या वेळी नीट.

शेवटचा दिवस हा पाहुण्यांचा दिवस असतो. मला मधल्या दिवसांत यायचं होतं, लाकडं ओली असतात, पोरं भांडत असतात तेव्हा. पण तुझं बरोबर आहे. दुसऱ्यांची लेकरं तुझ्या पदरात आहेत. ३ तारखेला येते.

तू लहानपणापासून अशीच. कुणाचं काही पडलं की उचलायला आधी तू. बसायला शीक ग, मर्ना. तेही काम असतं.

टेबल रात्री झाकून ठेवत जा.

तुझी मावशी,
हेस्टर

*

व्हाइटहॉर्स,
२८ जुलै

चि. मर्ना,

एल्विनकाकाचे आशीर्वाद. फोनवर सांगितलं असतं, पण तिथे सगळा तळ ऐकतो, म्हणून डार्सीच्या हाती पत्र देतोय. तू आधी बस.

हेस्टर आज पहाटे गेली. त्रास झाला नाही. काल संध्याकाळी मी गेलो होतो तेव्हा पाणी किती चढलंय विचारत होती. नदीचं.

तिला वळणावरच ठेवायचं, मागच्या टेकडीवर, तुझ्या आईच्या शेजारी. तसं ती मला वसंतातच सांगून बसलीय. आणायचं मी आणि डार्सी बघतो, पेटीही आम्हीच करू. तू कशालाही हात लावायचा नाहीस. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे आणि तुझा मला.

खणायला माणसं कमी आहेत, ते खरं. बघू. मी ओरडेन पण करेन.

तुझा काका,
एल्विन

*

दोन दगडांचं वळण,
३ ऑगस्ट

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. आज तू यायची होतीस. दोन दिवस आधीच आलीस. डार्सीने बोट इतकी हळू आणली की पाण्याला कळलं नसेल.

मुलांना मीच सांगितलं. शहरातल्या मुलांच्या घरी फोनवरून कळवलं, की ज्यांना आपलं मूल न्यायचं असेल त्यांनी न्यावं. दोघांना नेलं. त्यांनाही जायचं नव्हतं, बोटीत पाठ करून बसली.

मग मी काय केलं असेल, ओळख. एल्विनकाका टेकडीवर गुडघा धरून खणत होता, जमीन वीतभर खाली उन्हाळ्यातही गोठलेली, डार्सी पेटीला खिळे मारत होता. बघवेना. मी उठले आणि फावडं घेतलं. मावशी, तुला शेवटच्या दिवशी ये म्हणणारी मीच. दोन रात्री मागितल्या होत्यास तू, त्या मी दिल्या नाहीत. निदान माती तरी माझ्या हाताने, असं वाटलं.

पायपर वर चढून आली. मागे बाकीचे सगळे शहरातले, हातात मिळेल ते घेऊन, कुणी तर स्वयंपाकाचं पातेलं. तिने माझ्या हातातलं फावडं धरलं. मी सोडेना. ती म्हणाली की तू लांडगा आहेस, तू बस, हे आमचं काम आहे, हेस्टरने दिलंय. आवाज चढवला नाही तिने. तू चढवला असतास.

मी बसले. मांडीवर हात ठेवून. एल्विनकाका खरं सांगत होता, याच्याइतकं कठीण काही नाही. त्यांच्या हातांना फोड आले, मला दिसत होते, आणि मी पाणीसुद्धा द्यायचं नाही. गोठलेल्या मातीवर आग लावून ती मऊ करायची हे डार्सीने त्यांना दाखवलं. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही त्या मुलांनी तुझी जागा केली. नंतर त्यांनीच भात शिजवला, थोडा लागला, लांडग्यांनी निमूट खाल्ला. मी रडले. आजवर मला वेळच मिळाला नव्हता.

तू हे सगळं आधीच ठरवलं होतंस ना? तुझ्या पत्रातला तो खड्ड्याचा भाग मी मुलांना वाचून दाखवला नव्हता, अभद्र म्हणून. काल दाखवला. तू दुरून त्यांना कामाला लावलंस, हे आत्ता कळतंय मला.

आता पुढच्या उन्हाळ्यात तुझा दगड बसवायचा, तेव्हा राबलेल्या प्रत्येक कावळ्याला बोलावून घोंगडी द्यायची, जेवू घालायचं. ऑफिसने शिबिर बंद केलं तरी तुझी पंगत बंद करणं कुणाच्या हातात नाही. मुलांनी आजच तारीख विचारली.

आज सगळी गेली. बोट वळणाआड होईस्तोवर हात हलवत होती. पायपर सगळ्यांत शेवटी चढली, त्याचं कारण सांगते.

तुझी हॉस्पिटलची पिशवी एल्विनकाकाने आणली होती. चप्पल, कंगवा, माझी पत्रं, आणि तिने पाठवलेली दुसरी पट्टी. कागद सोडलेला नव्हता. तू गेल्यावर पोचली ती. मला वाटलं लपवावी. मग म्हटलं, कावळ्याच्या हातचं आहे, तिचं तिला देऊ. तिने शेकोटीपाशी बसून कागद सोडला आणि पट्टी दोन्ही टोकांनी धरून उजेडात बघितली. मावशी, इकडून तिकडे सारखी होती. जरासुद्धा दाब नव्हता. तिने ती, गेलेल्या माणसासाठी वाढून जाळतो त्या तुझ्या ताटाबरोबर आगीत ठेवली, आणि ती पूर्ण जळेपर्यंत बोट थांबवली.

हे पत्रही त्याच आगीत घालते. टेबल झाकलंय. लोभ होताच, तो तिथेही आमच्यावर राहू दे.

तुझी, सांगितलंस तशी बसून राहिलेली,
मर्ना