पापुद्रा

प्रिय बाबा,

मी मजेत आहे, पोटभर जेवते, आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

ओस्लोहून आलेली, मी वाटाडी म्हणून स्कीवर डोंगरात नेते ती पाहुणेमंडळी मात्र डोक्यावर पडलेली आहेत. परवा डोंगरावर पाऊस झाला, गोठला आणि बर्फावर काचेसारखा पापुद्रा धरला. त्यावर काल गुडघाभर नवा बर्फ पडला. आज वर गेल्यावर त्यांच्यातले डॉक्टर हॉल्वर महाशय स्कीची काठी आत खुपसून म्हणतात, "अगं, खाली सिमेंट आहे सिमेंट! घाबरतेस काय?"

मी फावड्याने एक चौकोन कापला, वर थाप मारली. नवा बर्फ त्या काचेवरून सर्रकन घसरून त्यांच्याच बुटांवर आला. "एवढासा तर तुकडा!" म्हणे. शेवटी मेंढरांसारखं हाकत सगळ्यांना खाली आणलं. दुपारी त्या अख्ख्या उतारावरचा बर्फ आपोआप कोसळला. महाशय खिडकीत वॅफल खात फोटो काढत होते!

तेवढ्यात तुमचं पत्र आलं. तिकडेही पाऊस गोठलाय, वर ताजा बर्फ आहे, आणि तुम्ही रोज एकटेच वरच्या उतारावर जाताय, कारण "खालचा थर चांगला कडक आहे".

बाबा, डॉक्टरला मी गाढव म्हणून मोकळी झाले. तुम्हाला काय म्हणू?

तुमचीच,
सुनिवा