विधवेच्या लग्नावरची शपथ

गुरुवार, २ नोव्हेंबर
दुपारचा खेळ. आंधळ्या मुलीचा चित्रपट. सासरा दुष्ट आहे हे मी दहाव्या मिनिटाला ओळखलं. त्याची काठी कोरी करकरीत होती. बायकोला, इन्शिराहला, लगेच सांगितलं. मागून कुणीतरी, "हाजी, आम्हीपण तिकीट काढलंय!" लोकांना समजून घ्यायचंच नसतं. ती रडली. मी नाही. माझ्या डोळ्यांतलं पाणी जळजळीमुळे.

गुरुवार, ९ नोव्हेंबर
विधवा, डॉक्टर आणि कुवेतहून परतलेला दीर. मध्यंतरात तिकीट फाडणारा बयूमी म्हणाला, विधवा दिराशी लग्न करणार. मी म्हटलं, डॉक्टरशी. तो म्हणतो, "ट्रामच्या कंडक्टरला डॉक्टर काय कळणार?" चारचौघांत! मीही म्हणालो, "डॉक्टरशी लग्न झालं नाही, तर माझ्या बायकोला तलाक!" ही शपथ तर आमचा भाजीवाला टोमॅटोवरसुद्धा घेतो. शिवाय इन्शिराह तेव्हा भाजलेल्या बिया आणायला गेली होती.
विधवेने लग्नच केलं नाही. शिवणाचं दुकान काढलं. असा कुठे शेवट असतो?

शुक्रवार, १० नोव्हेंबर
बयूमीच्या बायकोने बाजारात शपथेची बोंबाबोंब केली. इन्शिराह म्हणाली, "छत्तीस वर्षांचा संसार, आणि मला एका नटीपायी पणाला लावलंत?" पिशवी भरून बहिणीकडे गेली. दोन दिवसांत येईल. भात मला येतो.

शनिवार, ११ नोव्हेंबर
भात करपला. पातेलं जुनं आहे.

रविवार, १२ नोव्हेंबर
मशिदीतल्या शेखसाहेबांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "मनात बायकोला सोडायचं होतं?" मी म्हणालो, "मनात फक्त डॉक्टर होता." मग त्यांनी निकाल दिला: तलाक झालेला नाही. मोडलेल्या शपथेबद्दल दहा गरिबांना जेवण, नाही जमलं तर तीन रोजे. दहा जणांचा स्वयंपाक करणारी बहिणीकडे बसलीय. रोजेच धरतो.
आनंदाने फोन केला. ती म्हणाली, "शेखसाहेबांनी माफ केलं. मी कुठे केलंय?" तरी गुरुवारी न्यायला या म्हणाली. म्हणजे जमलंच. यापुढे तोंड आवरायचं. अवघड काय आहे त्यात?

गुरुवार, १६ नोव्हेंबर
रोजे पूर्ण. दाढी करून गेलो. पिशवी दाराशी तयार होती. इन्शिराह बूटसुद्धा घालून उभी. तेवढ्यात तिच्या बहिणीने, वजीदाने, खोडा घातला: "भावजी, पुन्हा असली शपथ घेणार नाही कशावरून?"
एकदाच काय ती खात्री पटवावी म्हणून मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "पुन्हा घेतली तर माझ्या बायकोला तलाक!"
इन्शिराहने बूट काढले आणि पिशवी आत नेली.
वजीदा म्हणाली, "रोजे चालू ठेवा, भावजी." चूक तिचीच. विचारायचं कशाला?

गुरुवार, २३ नोव्हेंबर
एकटाच गेलो. रुसून गेलेल्या बायकोचा चित्रपट. बियांचा पुडा शेजारच्या खुर्चीवर ठेवला, कुणी बसू नये म्हणून. मध्यंतरात बयूमीने विचारलं, "काय हाजी, येते का परत?" मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या भागात पाय आखडला म्हणून उठलो. शेवट पाहिला नाही.