कणगीच्या तळचे धवळे

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
लोकगीत ध्वनिसंकलन प्रकल्प,
शहापूर, जि. ठाणे.

अर्जदार : सोमी धाकलू आगिवले, ध्वनिलेखन सहायक (कंत्राटी), तळमजला.

विषय : तळमजल्यावरील लिनक्स संगणक सोमवारी पुसण्यात येऊ नये, आधी त्यावर जोडलेला शेअर ड्राइव्ह एकदा सोडवावा, याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज, ज्यांना उत्तर नाही.
२) आपली कारणे दाखवा नोटीस, जी मात्र हातोहात मिळाली.

महोदय,

अर्जदार सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरची. तिकडे धवळे गाऊन लग्न लावते ती धवलेरी. शेवटची जाणती धवलेरी जना ही अर्जदाराची चुलत आजी. तिचा आवाज अर्जदाराने टेपवर धरला, टेपवरून संगणकात उतरवला आणि 'धवळे' नावाच्या फोल्डरात ठेवला. टेपा पुढे आपल्याच आदेशाने पुसून दुसऱ्या कामाला लावल्या. गेल्या श्रावणात जनाआजी गेली. सबब तो आवाज आता त्या एका फोल्डराखेरीज पृथ्वीवर कुठेही नाही.

१. वरच्या मजल्यावरील संगणकातली परिपत्रके खाली दिसावीत, असा आदेश निघाला. खालचा संगणक लिनक्सचा. त्यात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून वरचा शेअर ड्राइव्ह खालच्या एखाद्या फोल्डरावर जोडावा लागतो. त्यास माउंट करणे म्हणतात. तेव्हाचे तंत्रज्ञ श्री. सूरज भोईर म्हणाले, "सोमीताई, एका रिकाम्या फोल्डराचं नाव सांग." अर्जदाराने 'धवळे' सांगितले. त्यांनी आत न डोकावता आज्ञा दिली, आणि संगणक चालू होताच ती आपोआप घडावी, अशी सोयही करून ठेवली.

२. 'रिकामा' हा शब्द अर्जदाराने ऐकला होता, हे ती नाकारीत नाही. परंतु अर्जदाराच्या घरी नवे भात रिकाम्या कणगीत कधी ओतीत नाहीत. तळाशी जुने ओंजळभर राखतात आणि त्यावर नवे घालतात. रिकाम्या कणगीत कणसरी, म्हणजे धान्याची देवी, उतरत नाही. साहेबांची परिपत्रके येणार, तर ती ओक्याबोक्या जागी कशी उतरवावी? म्हणून भरला फोल्डर दिला. गुन्हा असलाच तर तो एवढाच.

३. त्या दिवसापासून 'धवळे' उघडले की रजेची परिपत्रके दिसतात. फोनवर सूरज म्हणाले, "गाणी कुठं गेली नायत गो ताई. वरून चादर पडलीय. ओढून काढली की खाली तशीच निजलेली हायेत." चादर ओढण्याची आज्ञा अर्जदाराने टाइप केली. यंत्राने कळवले की हे फक्त रूट, म्हणजे यंत्राचा मुख्य कारभारी, करू शकतो. रूटचा पासवर्ड फक्त सूरज यांना ठाऊक. ते हल्ली कसाऱ्याला कामाला असतात. रजा टाकून दोनदा आले आणि दोन्ही वेळा दारातून परत पाठवले गेले, कारण मुदत संपलेल्या कंत्राटदारास संगणकाजवळ जाऊ देऊ नये, असे परिपत्रक आहे. तेही त्या गाण्यांच्याच उरावर बसले आहे.

४. चौकशी समितीने फोल्डर उघडला. आत गाणी आढळली नाहीत. सबब ती अर्जदाराने पुसली, असा निष्कर्ष काढला. कणगीच्या तोंडात डोकावून तळ सांगावा, तसे हे झाले. अर्जदाराने गाणी परत मिळण्यासाठी अर्ज करावा आणि त्याचा विहित नमुना शेअर ड्राइव्हवरून घ्यावा, असेही समितीने सुचवले आहे. वरिष्ठ लिपिक श्री. पंढरी खाकर तर येता-जाता विचारीत, "काय गो सोमी, आजीची गाणी उंदरांनी खाल्ली का?" अर्जदार खाली मान घालून परिपत्रके वाचीत असे.

५. मंगळवारी वीज गेली. परत आली तेव्हा वरचा संगणक अजून कुणी चालू केला नव्हता. खालचा आधी जागा झाला. जोडायला समोर ड्राइव्हच नव्हता. अर्जदाराने 'धवळे' उघडले, तर सगळी गाणी जागच्या जागी. तिने पहिलेच लावले.

कोन उभी गो मांडवदारी?
कणसरी आली, तिला पाट मांडा.

खोकून, घोटभर पाणी पिऊन पुन्हा गाणारी जनाआजी. खाकरभाऊ फाइल घेऊन आले होते, ते दारातच उभे राहिले. तेव्हाच गाणी सीडीवर उतरवायला हवी होती, हे आता कळते. तेव्हा मात्र अर्जदार नुसती ऐकत बसली. तेवढ्यात वरचा संगणक चालू झाला आणि वरून आपला निरोप आला की खाली परिपत्रके दिसत नाहीत, मशिन बंद करून चालू करा. शिपायाने केले. गाणी पुन्हा तळाला गेली. त्याच संध्याकाळी नोटिशीने अर्जदारास मशिनला हात लावण्यास बंदी झाली.

आता सोमवारी ते यंत्र पुसायचे ठरले आहे. चादर पुसली जाणार नाही, महोदय. ती वरच्या मजल्यावर सुखरूप आहे. पुसले जाईल ते खाली निजलेले. पाड्यावर वैशाखात लग्ने आहेत. नवी धवलेरी गिरजा हिला अर्धे धवळे येतात. उरलेले जनाआजीकडून घ्यायचे राहिले. ती रोज निरोप धाडते, "सोमीला सांगा, आवाज घेऊन ये." अर्ध्या धवळ्यात लग्न सोडून कसे उठावे, हे तिला कुणी शिकवलेले नाही.

तरी श्री. सूरज यांना एकदा आत येऊ द्यावे. तेही जमत नसेल, तर आपण स्वतः खाली यावे, संगणकामागची नेटवर्कची तार उपटावी, तो बंद करून चालू करावा आणि गाणी दिसताच ती सीडीवर उतरवून घ्यावीत. त्यास रूट लागत नाही, परिपत्रक लागत नाही. नंतर अर्जदारास कामावरून काढले तरी तिची तक्रार राहणार नाही.

जिन्यावर आपली पावले वाजण्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,
सोमी धाकलू आगिवले
शहापूर, दि. ६ एप्रिल २००६

सोबत : १) कारणे दाखवा नोटिशीची प्रत.
२) वरिष्ठ लिपिक श्री. पंढरी खाकर यांचा स्वहस्ते लिहिलेला जबाब, तो असा : "गानी हायेत, साहेब. मी आयकली."