महांतप्पांची निर्जंतुक जीभ

५ मार्च, सकाळची पूजा आटोपल्यावर

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांनी स्वतः लिहून ठेवलं नाही तर मागं राहिलेले लोक काहीबाही सांगत बसतात.

विषय : तोंड. मोबाईलवर व्हिडिओ बघितला. माणसाच्या एका तोंडात आख्ख्या धाराशिव जिल्ह्याच्या लोकसंख्येपेक्षा जास्त जंतू असतात म्हणे. तेव्हापासून थुंकी गिळवत नाही. बाकीच्यांचं ठीक आहे, पण माझं तोंड साधं नाही. कळंबच्या धान्याच्या मोंढ्यात ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून, डोळे मिटून चघळून माल कसा आहे ते सांगणारं हे तोंड. आमच्या मठाच्या यात्रेतल्या दासोहाला दरसाल जी ज्वारी जाते ती हेच तोंड निवडतं. एवढं गाव जी भाकरी खाणार, तिचा पहिला दाणा माझ्या जिभेवर. आणि तिथं जंतू? छे.

संकल्प : यात्रेआधी तोंड शंभर टक्के निर्जंतुक करणे.

६ मार्च

शिवप्रियाला विचारलं. ही माझी सून, दातांची डॉक्टर. स्टँडजवळ दवाखाना टाकलाय. खुर्ची भारी, ज्ञान बेताचं. म्हणाली, आप्पा, जंतू संपवायचे नसतात, त्यांचा तोल राखायचा असतो, आणि तो राखते लाळ. कानापुढं, जबड्याखाली, जिभेखाली लाळग्रंथी आहेत. त्या दिवसभर काम करतात. लाळ आंबटपणा मोडते, खरकटं धुऊन नेते, चांगल्या जंतूंना जगवते आणि वाइटांना माजू देत नाही.

चांगले जंतू! उद्या म्हणेल चांगले उंदीर. हिच्या बापानं एवढी फी भरली ती यासाठी.

मेडिकलमधून सगळ्यात जहाल माऊथवॉशची मोठी बाटली आणली. जीभ भाजली. म्हणजे गुण आहे.

९ मार्च

माऊथवॉश उठल्यावर, चहानंतर, सौद्याआधी, सौद्यानंतर, जेवणानंतर. वर लवंगतेल.

स्वतः लावलेला शोध : लाळ म्हणजे जंतूंची एसटी. सगळे तिच्यात बसून तोंडभर हिंडतात. म्हणून लाळ गिळणं बंद. थुंकणं चालू. बैठकीत गादीशेजारी पितळी तस्त ठेवलं. सिद्धम्मानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ते उचलून अंगणात नेलं आणि म्हणाली, तुमी बी जावा त्याच्यासंगं. पुढचं कानडीत बोलली. ती रागावली की कानडीत बोलते आणि मला ते ऐकू येत नाही.

१३ मार्च

मोंढ्यातल्या धुळीनं शिंकांनी हैराण. सर्दीची गोळी सुरू केली. नाक कोरडं झालंच, तोंडसुद्धा कोरडं झालं. एका गोळीत दोन कामं. जंतूंचं पाणीच तोडलं.

शिवप्रिया म्हणाली, आप्पा, या गोळीनं लाळ आटते, बंद करा. त्या माऊथवॉशमध्ये अल्कोहोल आहे, त्यानं आणखी आटेल. अल्कोहोल! आमच्या घराण्यात बाटलीला कुणी शिवलेलं नाही. तिला म्हटलं, मी गिळत नाही, म्हणजे बाटत नाही. ती कपाळाला हात लावून दवाखान्यात निघून गेली. या पिढीला मुद्दा सुचला नाही की ती उठून जाते.

१८ मार्च

तोंड मस्त कोरडं. जीभ टाळूला चिकटते. बोलताना टक टक आवाज होतो, त्यानं बोलण्याला वजन येतं.

मोंढ्यातला माझा दरारा भलताच वाढलाय. मी सौद्याला पुढं झालो की माणसं मागं सरकतात. हमाल गमछा नाकापर्यंत ओढून घेतात, अदबीनं. समोरच्या आडतीचा गुंडप्पा, ज्याला ज्वारी आणि बाजरी उजेडातसुद्धा वेगळी दाखवावी लागते, तो तर मी बोलायला लागलो की मान फिरवतो. डोळ्याला डोळा द्यायची हिंमत नाही.

२२ मार्च

यंदाची ज्वारी भिकार. दाणा चघळतो, चघळतो, चघळतो. नुसता भुसा. गोडवा औषधाला नाही. वर कुबट वास. भूमकडची कुबट, वाशीकडची कुबट, घराजवळची कुबट. शेतकरी बिघडलेत. ओला माल पोत्यात कोंबतात आणि आणून आमच्या गळ्यात मारतात.

बाकीच्या व्यापाऱ्यांना हा वास येत नाही. कसा येणार? त्यांच्या जिभेवर जंतू ठाण मांडून बसलेत. माझी एकटीच जीभ खरं बोलते. प्रयोग यशस्वी.

२६ मार्च

येरमाळ्याकडचा कोंडीराम आला. मठाची ज्वारी वर्षानुवर्षं त्याच्याच रानातली. सँपल धोतराच्या सोग्यात बांधून आणलेलं. मूठ घेतली, दाणा टाकला. कुबट! सरळ बुरशीचा वास.

सौदा चालू होता, सगळा मोंढा जमलेला. मोठ्यानं सांगितलं, कोंडीराम, बुरशी लागलेला माल मठाला चालायचा नाही.

त्यानं स्वतः दाणा चावला. म्हणाला, शेट, गूळ हाय ह्यो, गूळ. म्या कणसं उनात वाळवल्यात, बायकूनं हातानं निवडल्यात. बुरशी कुठं हाय ती दावा. मी म्हटलं, दाखवायची गरज नाही, माझी जीभ सांगते. तो म्हणाला, मग जिभंचंच बघा तुमी. सोगा बांधला आणि समोर गुंडप्पाच्या आडतीवर गेला. गेला तर गेला. अडाण्याला शास्त्र काय सांगणार.

घरी सिद्धम्मा म्हणाली, अवो, कोंडीरामाला असं बोलायला जीभ तरी कशी वळली तुमची? म्हटलं, तत्त्व आहे. म्हणाली, जरा लांब हून सांगा.

१ एप्रिल

आलेलं प्रत्येक सँपल नापास. मठातून निरोप आला, यात्रा जवळ आली, ज्वारी कुठं आहे. कळवलं की दासोहाच्या योग्यतेची ज्वारी यंदा या जिल्ह्यात पिकलेली नाही.

संध्याकाळी कळलं, मठाच्या स्वामीजींनी गुंडप्पाला ज्वारी द्यायला सांगितलं. असू दे. तोंडावर आपटला की येतील परत माझ्याच दारात.

५ एप्रिल

जिभेवर पांढरा थर आलाय. आरशात बघितलं, चुना दिलेल्या भिंतीसारखी स्वच्छ. तिखट सोसत नाही, म्हणजे जीभ नाजूक आणि तल्लख झाली. घास पाण्याबरोबर ढकलावा लागतो. ठीक आहे, काहीतरी सोसल्याशिवाय शुद्धी होत नाही.

शिवप्रियाला दाखवलं नाही. तिच्या धंद्यावर गदा येईल.

९ एप्रिल, यात्रा

दासोह. मोठी पंगत. गव्हाची हुग्गी, आमटी, भाकरी. भाकरी गुंडप्पानं दिलेल्या ज्वारीची, म्हणजे कोंडीरामाच्या रानातली. पहिला घास तोंडात घेतला. तोच वास.

काय करणार? धर्म आड आला. उभा राहिलो आणि भर पंगतीत सांगितलं की भाकरी कुबट आहे, कुणी खाऊ नका.

पंगत थांबली. स्वामीजींनी टोपल्यातली भाकरी मागवली, तुकडा मोडला, सावकाश चावला. म्हणाले, महांतप्पा, गोड आहे. पलीकडून सारजाबाई ओरडली, तोंडात एक दात नाही त्या म्हातारीच्या, ती ओरडली की लई ग्वाड हाय, बसा की खाली. मग सगळेच गोड गोड करायला लागले. शेजारचा पाहुणा ताट घेऊन उठला आणि दुसऱ्या ओळीत जाऊन बसला.

कोंडीराम भाकरी वाढत होता. माझ्यापाशी आला. मला वाटलं, बोलेल काहीतरी. त्यानं ताटात आणखी एक भाकरी ठेवली आणि पुढं गेला.

सगळे एकमेकांना सामील आहेत. स्वामीजीसुद्धा.

१० एप्रिल

आज दवाखान्यात नेण्यात आलं. सिद्धम्मा दार अडवून उभी राहिली, नाहीतर गेलो नसतो. शिवप्रियानं खुर्ची मागं पाडली, लाईट मारला, जीभ बाहेर काढायला लावली, कापसानं थर खरवडून बघितला. मग म्हणाली, आप्पा, बुरशी आहे.

मी विचारलं, कुणाच्या मालात?

म्हणाली, तुमच्या तोंडात. लाळ आटवली, चांगले-वाईट सगळे जंतू झोडपले, रान मोकळं झालं आणि तिथं बुरशी माजली. कुबट वास तुमचा तुम्हालाच येत होता. आणि ज्वारी गोड कशी लागेल? दाण्यातल्या पिठाला गोडी आणते ती लाळच. ती नाही तर दाणा भुसाच लागणार.

मग जरा चाचरत म्हणाली, मोंढ्यातली माणसं महिनाभर नाक दाबून होती आप्पा. तुम्हाला सांगायचं कुणी, हा प्रश्न होता.

सोलापूरला दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणार आहे. तोपर्यंत, केवळ सुनेचं मन राखायला, माऊथवॉश आणि सर्दीची गोळी बंद. तिनं दिलेलं औषध चालू.

१६ एप्रिल

आज सकाळी भाकरीच्या वासानं तोंडाला पाणी सुटलं. आपोआप. पाण्याशिवाय घास गिळला. सोलापूरला जायचं राहिलं, एसटीला फार गर्दी असते.

विचार केला तर दरवर्षी जिभेला अशी विश्रांती द्यायलाच हवी. नवी जीभ पहिल्यापेक्षा तेज असणार. पुढच्या यात्रेची ज्वारी पुन्हा मीच निवडणार, यात शंका नाही.

२४ एप्रिल

मोंढ्यात गेलो. गुंडप्पाच्या ओट्यावर कोंडीरामाची पोती तशीच थप्पी लावून होती. मठाला गेली तेवढीच गेली. आजूबाजूला कुणी बघत नाही असं बघून चार दाणे उचलले. चघळले. आधी पिठाळ, मग हळूहळू गोड, मग इतकी गोड की डोळे मिटले गेले.

उघडले तर समोर कोंडीराम.

मी म्हटलं, माल चांगला आहे. तो म्हणाला, ते मला ठावं हाय शेट. पर तुमी बुरशी म्हनला तवापास्नं एक बी यापारी पोत्याला हात लावंना. पंगतीत ग्वाड म्हनत्यात, पर पैका घालताना म्हनत्यात, महांतप्पा शेटची जीभ खोटं बोलत न्हाय. तवा चारचौघात बोलला, आता बी चारचौघातच बोला. सौदा सुरू व्हायलाय.

आणि खरंच सगळे जमले होते. गुंडप्पा, व्यापारी, हमाल. कुणी मागं सरकत नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. एवढी माणसं माझ्या एका शब्दासाठी थांबलेली मी पहिल्यांदाच बघितली. बोलायला तोंड उघडलं आणि ते कोरडं ठणठणीत पडलं. मघाशी सुटलेली लाळ कुठं गेली कळेना. घसा बसलाय अशी खूण केली आणि ओट्यावरून उतरलो.

उद्या नक्की बोलणार. उद्या मोंढ्याला सुट्टी आहे. मग परवा.

घरी सिद्धम्मानं विचारलं, कशी हाय वो कोंडीरामाची ज्वारी? म्हटलं, गोड आहे, फार गोड आहे. घरात म्हणता येतं.