डावीकडून आलेला जय भीम

तुकूम, चंद्रपूर
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय अश्वजित,

जय भीम. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. घुग्घुसच्या धुळीतून ते पांढरंच तुझ्या हाती येईल अशी आशा नाही, पण येईल.

इकडे सगळं ठीक. पेपरातलं सदर चालू आहे, शिव्याही वेळेवर येतात. थंडी संपली. प्रकृती उत्तम. असं लिहायची पद्धत आहे.

तर आधी गंमत सांगते. पन्नाशी जवळ आली तसे माझे हात आखूड पडायला लागले. पेपर कितीही लांब धरला तरी अक्षरं पळायची. जवळचा चष्मा घेतला. तो लावून कार्यक्रमात वाचायला उभी राहिले, की कागद दिसायचा, लोक धूसर. चष्म्यावरून बघावं तर अगदी हेडमास्तरीण. आणि माझा टोमणा कुणाला झोंबला हे दिसल्याशिवाय मला पुढचं वाक्य सुचत नाही. म्हणून ठरवलं, लेन्स लावायच्या.

इथल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे लेन्सचं काम बघणारी सायमा नावाची पोरगी आहे. तिने भाजी मांडावी तसे प्रकार मांडले.

"मॅडम, एक असते मल्टिफोकल. एकाच लेन्समध्ये गोल गोल रिंगा, दूरचा नंबर बी, जवळचा बी. सवय व्हाले थोडे दिवस लागते. रात्री दिव्याभोवती वलय दिसू शकते."

"दुसरं?"

"मोनोव्हिजन. एक डोळा दूरचा, एक जवळचा."

"म्हणजे एक नवऱ्याकडे, एक मोबाईलकडे?"

"ते तर लोक बिना लेन्सचेच करते, मॅडम."

पोरगी आवडली मला. तिसरा प्रकार म्हणजे दूरच्या साध्या लेन्स, आणि वाचताना वरून चष्मा. चष्मा टाळायला आलेल्या बाईला चष्मा! शिवाय तंबी दिली, की आपल्याकडे धूळ आणि ऊन, डोळे कोरडे पडतात, तर रोज फेकायच्याच घ्या, नळाच्या पाण्याने धुऊ नका, घालून झोपू नका.

मी मोनोव्हिजन म्हटलं. माझ्या एका डोळ्याचं दुसऱ्याशी पटलं नाही तरी चालेल, आपल्या घराला त्याची सवय आहे.

तिने उजवा दूरचा ठरवला, डाव्यात जवळची लेन्स घातली, हातात कार्ड दिलं. "वाचा." अक्षरं भुरकट. तिने नंबर बदलला. तसंच. पुन्हा बदलला. मी म्हटलं, "सायमा, तुझा माल खराब आहे." तिने माझ्या उजव्या डोळ्यावर तळहात धरला. "आता?"

अशू, आता काहीच नाही. कार्ड नाही, टेबल नाही, भिंत नाही. मधोमध एक मळकं भोक, आणि त्यात तिच्या ओढणीचा एवढासा तुकडा.

"अगं बाई, दोन्ही डोळे झाकलेस."

"नाई, मॅडम. डावा उघडाच हाये."

मग डॉक्टरबाई आल्या. उजवा डोळा झाकून मला एका यंत्रापुढे बसवलं. पांढऱ्या मोठ्या वाटीत तोंड घालायचं, आत कुठेही ठिणगी चमकली की बटण दाबायचं. मी अंगठा टेकवून बसले. बसलेच. शेवटी ओरडले, "अरे, चालू तर करा!" मागून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "संपली तपासणी."

काचबिंदू. आतला दाब वाढतो, नस मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. डावा जवळजवळ गेला, उजव्यात सुरुवात आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायला जन्मभर थेंब. लेन्स डबीत परत गेल्या. मी विचारलं, "मला कळलं कसं नाही? मी तर लोकांची व्यंगं शोधून पोट भरते." त्या म्हणाल्या, "उजवा डोळा दोघांचं काम करत होता. फक्त डावीकडच्या अगदी कडेचं त्याला जमत नाही. त्या बाजूला कुणी उभं असलं, तर तुम्हाला दिसणारच नाही."

मी हसले. आणि हसताहसता थांबले.

चंद्रपूरची दीक्षाभूमी. दीड वर्षापूर्वीचा ऑक्टोबर. पुस्तकांच्या स्टॉलपाशी तू तुझ्या रिनाच्या होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन उभा होतास. "हे पाहा, आमची ताई येऊन राह्यली, पेपरात लिवते" असं कौतुकाने सांगितलंस. मी जवळ आल्यावर हात जोडून जय भीम घातलास. मी तुला खेटून निघून गेले. भोंग्यांच्या कल्लोळात तुझी हाकही ऐकू आली नाही. सासरे म्हणाले, "मोठ्या लोकायचं असंच राह्यते, भाऊ."

हे रिनाने मला नंतर सांगितलं. पोरीवर चिडू नको, आरमोरीच्या सासरहून ती मला फोन करते. तिच्या लग्नाला तू मला बोलावलं नाहीस. आणि मी गावभर सांगत सुटले, की भाऊ खोटारडा आहे, तो तिथे नव्हताच. असता तर मला दिसला नसता?

मले दिसला नाई रे तू, अशू.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. आपली भांडणं टिकाऊ असतात, अजून टिकली असती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कुणाला होता का?" मी ठणकावून "नाही" म्हटलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबा आठवले आणि मी तिथेच बसले.

गोंडपिपरीला लोक काय म्हणायचे? "रामाजी माजला. पोरगी पेपरात लिवते तं आता जय भीम बी घेत नाई." आई त्यांना किती बोलली त्यावरून. मग बाबांनी काय केलं? रस्त्याने जाताना कुणी असो नसो, दोन्ही बाजूंना हात जोडत जायचे. विजेच्या खांबालासुद्धा जय भीम. आणि आपण दोघं पोट धरून हसायचो. म्हातारपण म्हणून सोडून दिलं. माणूस आंधळा होत होता आणि सगळ्या वस्तीचा मान राखत चालला होता.

सख्ख्या भावंडांनी लगेच तपासावं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि तू डंपर चालवतोस.

डंपरची डावी बाजू खांबाला घासलीस, हेही रिनाने सांगितलं. आरसा वाकडा होता म्हणे. असेल. देव न मानणारी बाई मी, पण तो आरसा वाकडाच निघो. खाणीच्या मेडिकलमध्ये तू पास होतोस ते मला सांगू नको. समोरचा तक्ता बऱ्याच उशिरापर्यंत वाचता येतो, आधी कडा जातात.

तू का जाणार नाहीस, तेही मला माहीत आहे. काही निघालं तर स्टिअरिंग सुटेल. सुटेल कदाचित. लवकर कळलं तर कदाचित नाहीही सुटणार. मी खोटा धीर देत नाही, त्याचा मला सराव नाही. पण शिफ्ट सुटल्यावर डावीकडून मोटारसायकलवर कुणी येईल. मी तुला पाहिलं नाही तेव्हा तू निदान रागावू शकलास. त्याला तेवढीही सवड मिळणार नाही.

डॉक्टरबाईंकडे सोमवारची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. रविवारी सकाळच्या बसने मी घुग्घुसला येते, तुला घेऊनच परतेन. दार लावलंस तर ओट्यावर बसेन, आणि माझं तोंड तुला ठाऊक आहे, सारी गल्ली ऐकेल. तोवर सुट्टी टाक. डंपरला हात लावू नको.

स्टँडवर आलास तर बाजूने हाक मारू नको. समोर ये. हात लावता येईल इतका समोर.

बघता येतंय तोवर वाट बघणारी,
रश्मीताई