सोमवारी लायसन्स परत मिळेल

धुळे,
१० नोव्हेंबर

प्रिय नवल,

तुझ्या कोकिळाचा काल फोन आला होता. म्हणाली, येत्या सोमवारी तुझ्या निलंबनाची मुदत संपते आणि लायसन्स परत मिळेल. तू आतापासूनच काळी-पिवळी धुऊन ठेवली आहेस म्हणे, सीटांची कव्हरंही नवी शिवून आणलीस. ऐकून बरं वाटलं. सहा महिने पिंप्राळ्याच्या घरात बसून तू कसे काढलेस, ते मला माहीत आहे. माणसं घेऊन भडगावला जायचं आणि यायचं, एवढंच काम तू बावीस वर्षं केलंस. कोकिळा सांगत होती, रस्त्यावर हॉर्न वाजला की तू जेवता जेवता उठून खिडकीपाशी जातोस. भाऊबीजेला माझ्याकडे आलास तेव्हा किती वाळला होतास. ओवाळताना मी तुला काही सांगणार होते. तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नुसता पेढा भरवला. फोनवर बोलता येईलसं वाटलं होतं, पण तू मध्येच तोडशील. म्हणून लिहितेय. आज कुरिअरने टाकते, दोन-तीन दिवसांत मिळेल.

माझं ठीक चाललंय. वकीलसाहेबांकडे टायपिंगचं काम वाढलंय. दारू पिऊन गाडी चालवल्याची प्रकरणं आठवड्याला दोन-तीन तरी येतात. कलम एकशे पंच्याऐंशी मला आता पाठ झालंय. पहिल्यांदा सापडला तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत. आरोपींच्या बायका बाकावर बसलेल्या असतात. मी त्यांच्याकडे बघत नाही. ‘आरोपीने मद्यप्राशन केलेले नव्हते’ हे वाक्य टाइप करायची वेळ आली की माझी बोटं थांबतात. साहेबांना वाटतं, माझा चष्म्याचा नंबर वाढलाय.

जळगावला येते तेव्हा मी एसटीत उजव्या बाजूला बसते, हे तुझ्या लक्षात आलंय का? एकदा गर्दीत डावीकडची खिडकी मिळाली. पारोळा सोडल्यावर मी डोळे मिटून घेतले, तरी ती निंबाची झाडं मला दिसत राहिली. तीन वर्षं झाली. त्याबद्दल आपण दोघं एकदाही बोललो नाही.

त्या दिवशी साखरपुड्याचं जेवण आटोपून आम्ही दुपारी चारला जळगावहून धुळ्याला निघालो. यांनी किती घेतली होती ते मला ठाऊक होतं. मांडवात वीस माणसं होती. त्यांच्यासमोर जावयाला ‘तुम्ही गाडी चालवू नका’ कसं म्हणायचं, एवढ्या लाजेपायी मी शेजारी जाऊन बसले. त्या निंबांपाशी समोरून झुलाल सायकलवर चारा घेऊन येत होता. तो त्याच्या बाजूने येत होता, नवल. अगदी कडेने. आमची गाडी त्याच्याकडे वळली तेव्हा त्याने हात वर केला. त्याचं तोंड मी पाहिलं. घाबरलेलं नव्हतं. आपण दिसलो नसू, हात केला की थांबतील, असं त्याला वाटलं असावं. नंतर सगळीकडे चारा पडला होता आणि सायकलचं चाक फिरतच होतं, मला वाटलं आता थांबेल, आता थांबेल.

तू अर्ध्या तासात पोहोचलास. यांना ओळखीच्या डॉक्टरकडे नेलंस, संध्याकाळ होऊ दिलीस, रक्ताची तपासणी टळली. पोलिसांना सांगितलंस, सायकलवाला आडवा आला. माझ्याकडे वळून म्हणालास, “अक्का, तू फक्त मान हलव.” मी मान हलवली. तू बहिणीचं कुंकू सांभाळत होतास, म्हणून तुला दोष देत नाही. पण झुलाल गेला त्याच्या चौथ्या दिवशी त्याची बायको, भागाबाई, दवाखान्यात आली, हे मी तुला कधी सांगितलं नाही. यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. ती कॉटपाशी उभी राहिली आणि माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, “आमना माणूस आडवा वना, ताई. माफ करा.”

मी तिला माफ केलं, नवल. तोंडाने ‘असू द्या’ म्हणाले.

त्यानंतर यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. दारूही सुटली, पण बोलणंही सुटलं. वर्षभराने हार्टने गेले तेव्हा लोक म्हणाले, मोतीलालराव अपघातानंतर खचले होते. कशाने खचले, ते आपल्या दोघांनाच ठाऊक. हल्ली ऑफिसात पंखा बंद करताना पाती हळूहळू फिरत थांबतात, तेवढा वेळही मी तिथे उभी राहू शकत नाही.

म्हणून एप्रिलमध्ये भडगावच्या लग्नात मी जे केलं ते केलं. तू मांडवामागून बडीशेप चघळत आलास. पुष्पामावशी, तिच्या सुना, पाच लहान मुलं गाडीत बसली होती. मी तुझ्याकडे किल्ली मागितली. तू हसलास. “अक्का, मी काय आजपासून गाडी चालवतोय का?” माणसं बघत होती. मी पुन्हा गप्प बसणार, हे मला कळलं. तू गाडी काढलीस. मी पाण्याच्या टाकीमागे गेले आणि एकशे बाराला फोन लावला. गाडीचा नंबर सांगितला, रस्ता सांगितला, आत मुलं आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण. मी म्हणाले, कोणी नाही. पुढे नाक्यावर तुला थांबवलं, यंत्रात फुंकायला लावलं, मर्यादा तीसची, आले एकशे अठरा. दंड झाला, लायसन्स गेलं.

छगनने नाही, मी कळवलं.

तू त्याला स्टँडवर, प्रवाशांसमोर कानाखाली मारलीस. तुझं भाडं पळवायला त्याने चुगली केली म्हणालास. वीस वर्षांपासूनचा मित्र. तुझा टायर फुटला की आपली माणसं उतरवून धावत येणारा. त्याने खाली पडलेली टोपी उचलली आणि आपल्या गाडीकडे गेला, हे कोकिळानेच मला सांगितलं. मला तेव्हाच जळगावला यायला हवं होतं. नाही आले. पुन्हा मान हलवल्यासारखंच झालं ते.

परवा शनिवारी छगन माझ्या ऑफिसात आला होता. सोमवारपासून तू स्टँडवर आलास की त्याची गाडी तिथे उभी राहू देणार नाहीस, असा तू निरोप धाडलास म्हणे. भांडण नको म्हणून तो चाळीसगावच्या बाजूला गाडी लावायच्या विचारात आहे. तिथे माझ्या ओळखीचं कोणी आहे का, एवढंच विचारायला आला होता. निघताना म्हणाला, त्या दिवशी तो टाकीवर कॅन भरत होता आणि माझं सगळं बोलणं त्याने ऐकलं होतं. तो म्हणाला, “अक्का, तुम्ही सांगू नका. मित्र दुसरा मिळेल, बहीण कुठून आणेल तो?” सात महिने त्याने माझ्या वाट्याचा मार खाल्ला, नवल. तो तसाच चाळीसगावला निघून जाईल म्हणून हे पत्र लिहितेय. रविवारी मी भागाबाईकडेही जाणार आहे, खरं सांगायला. त्यातून पोलीस पुन्हा आले तर तुलाही विचारतील, तेव्हा तयारीत राहा. तुला माझा राग येईल, वर्षभर येऊ नकोस वाटलं तर. पण लायसन्स हातात घ्यायच्या आधी एकदा छगनकडे जा. तो सकाळी आठपर्यंत घरीच असतो. तू येशील असं मी त्याला सांगितलेलं नाही.

तुझीच,
ज्योत्स्नाअक्का