सुटा कीबोर्ड

जांभूळ,
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. हरिचंद्र काकांस,
जिज्ञासाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बाबांच्या डब्याच्या पिशवीतून येतंय. त्यावर वालाच्या भाजीचा डाग दिसला तर तो आईच्या हातचा समजावा. तुम्ही फोनवर बोलत नाही, मेसेजला नुसता अंगठा पाठवता, आणि वर म्हणता की पोरं काही विचारत नाहीत. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही मला लॅपटॉप घेऊन द्यायचा शब्द दिला होता. आता माझ्या प्रकल्पाचा विषय मंजूर झालाय, आपल्या आगरी लग्नात गातात ते धवले. म्हणजे घरचीच आजी. जांभूळपासून कुळगावपर्यंत तिच्याएवढे धवले येणारी धवलारीण आता कुणी राहिली नाही, आणि त्यातली एक ओळही कुठे लिहिलेली नाही. आजीला एक्याऐंशी पूर्ण होतील. एप्रिलअखेर तुमच्या दिपेशदादाची हळद आहे, तोवर जमेल तेवढं उतरवून घ्यायचंय.

तर विनंती अशी की मला लॅपटॉप नको. माझ्या वर्गातल्या मनालीकडे एक दुहेरी यंत्र आहे. कीबोर्ड लावला की लॅपटॉप, काढला की टॅब, आणि पडद्यावर पेनने वहीसारखं लिहिता येतं. वजनाला हलकं. कॉलेज उल्हासनगरला, घर जांभूळला, रोज ते ओझं माझ्याच खांद्यावर असणार ना? दिपेशदादा म्हणतो की असली यंत्रं खेळण्यातली असतात. तुम्ही काय म्हणता ते कळवा. विनिताकाकूंना नमस्कार.

लोभ आहेच, या मागणीनंतरही तो राहू द्यावा.
आपली,
जिज्ञासा

*

अंबरनाथ (पूर्व),
१६ जानेवारी २०२५

चि. जिज्ञासास अनेक उत्तम आशीर्वाद.

डाग पाहिला. तुझ्या आईने वालात गूळ जास्त घातला होता, एवढं डागावरूनही कळलं. तिला सांगू नकोस.

आता तुझ्या यंत्राचं. मी बत्तीस वर्षं कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काढली, तेव्हा हत्यारांबद्दल थोडं मलाही बोलू दे. एकदा आमच्याकडे एक विक्रेता असंच हत्यार घेऊन आला होता. पक्कड तीच, पाना तोच, स्क्रूड्रायव्हरही तोच. साहेब खूश झाले. आठ दिवसांत त्या पान्याने अर्ध्या नटांचे कोपरे झिजवून ठेवले आणि पक्कड ढिली झाली. एका हत्याराने दोन कामं करायची म्हणजे दोन्ही अर्धी. शिवाय जिथे जोड, तिथे बिघाड. लॅपटॉपची बिजागरी एकदाची बसवलेली असते, तुझं ते रोज काढा आणि रोज लावा.

पण मी न तपासता माल नाकारणारा माणूस नाही. दिपेशचा लॅपटॉप आठवडाभर पाठवतो. मनालीचं यंत्र आठवडाभर मागून घे. दोन्हींवर सारखंच काम कर आणि मला रिपोर्ट पाठव. लाडीगोडी नको, दोष आधी लिही.

हळदीची तयारी जोरात आहे. पाण्याचा टँकर, मंडपवाला, जेवणावळ असली बाहेरची कामं मी अंगावर घेतली आहेत. धवले चालू असताना मी तिकडेच असेन, तेव्हा माझी खुर्ची आत मांडू नका. आईच्या गुडघ्याला तेल लावत जा.

तुझ्या रिपोर्टाची आणि आईच्या खुशालीची वाट पाहतो.
तुझा,
हरिचंद्रकाका

*

जांभूळ,
४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

रिपोर्ट लिहिते, दोष आधी.

दुहेरी यंत्राचा पडदा लहान आहे. एका बाजूला आजीचे शब्द आणि दुसऱ्या बाजूला माझं लिखाण असं उघडलं की दोन्ही चेंगरतात. मांडीवर घेतलं की मागचा टेकू घसरतो. तारा जोडायला भोक एकच, त्यामुळे चार्जर लावला की पेनड्राइव्ह उपाशी. दहा पानं टाइप केली तर बोटं एकमेकांवर चढायला लागली. दिपेशदादाच्या लॅपटॉपवर तीच दहा पानं निम्म्या वेळात झाली. इथवर तुम्ही जिंकलात.

मग दोन्ही यंत्रं आजीसमोर नेली. लॅपटॉप उघडला, त्याचं झाकण आमच्या दोघींच्या मध्ये उभं राहिलं. आजीने दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. तिचं म्हणणं असं की मांडवात बाया गुडघ्याला गुडघा लावून बसतात, एकमेकींच्या तोंडाकडे बघून ओळ उचलतात, बंद दारासमोर कुणी धवला गातं का? तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी मनालीच्या यंत्राचा कीबोर्ड काढून पडदा चटईवर आडवा ठेवला आणि पेनने लिहू लागले. आजी वाकून बघायला लागली. कुठली ओळ कुठे बसली ते विचारायला लागली. दुपारच्या चहापर्यंत तिने सात धवले सांगितले, आणि मी चुकीचं म्हटलं तेव्हा माझ्या हातावर चापट मारली.

एवढंच असतं तर हे पत्र आनंदाचं झालं असतं. पण सातव्या धवल्यानंतर आजीने सांगितलं की दिपेशच्या लग्नात ती गाणार नाही, बाहेरून कुणी मिळाली तर बघा. आम्ही सगळे चकित झालो. बाबांनी खूप विचारल्यावर ती बोलली. कुळगावच्या आत्याकडे, चुलत्यांकडे, ज्या ज्या लग्नात तिने तोंड उघडलं, तिथे तिचा हरी उठून बाहेर गेला. अंबरनाथला फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून पोराला आईच्या गाण्याची लाज वाटते, असं तिच्या मनाने घेतलंय. तुमचं पत्र बाबांनी तिला वाचून दाखवलं होतं. खुर्ची आत मांडू नका, हे वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं.

काका, खोटं कशाला लिहू, मलाही आजवर तसंच वाटत होतं. पण तुम्ही लाजणाऱ्यातले दिसत नाही. खरं काय ते मला सांगाल?

रागावलात तरी उत्तर द्या, एवढीच मागणी.
आपली,
जिज्ञासा

*

अंबरनाथ (पूर्व),
९ फेब्रुवारी २०२५

चि. जिज्ञासास आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. विनिताने जेवायला दोनदा हाक मारली म्हणे, पण ते काही नवीन नाही.

मला थोडं कमी ऐकू येतं, एवढं सगळ्यांना माहीत आहे. कानाचं मशीन आहे, समोरासमोर एकजण सावकाश बोलला तर मी वेळ मारून नेतो. त्याहून पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, फक्त विनिताला ठाऊक आहे. चार माणसं जमली की माझ्या कानात सगळ्यांचा मिळून एकच खडखडाट होतो. गाणं तर मुळीच कळत नाही. बारा वर्षं झाली, मी आईचा एकही धवला ऐकलेला नाही.

लहानपणी मी मांडवात तिच्या मांडीवर झोपायचो. ती गायला लागली की तिचं पोट थरथरायचं, ते माझ्या पाठीला लागायचं, आणि मला झोप यायची. आता ती समोर बसते, तिचे ओठ हलतात, बाया मागून ओळ धरतात, सगळ्यांचे डोळे ओले होतात, आणि माझ्या कानात प्रेस चालू असते. मला ते बघवत नाही. म्हणून उठतो. टँकर बघायला जातो. टँकरला कुणी बघावं लागत नाही हे मलाही कळतं.

आईला सांगू नकोस. ती लगेच नवस बोलेल आणि गावभर करेल. मला तिच्या गाण्याची लाज वाटते असं तिला वाटतंय, ते मात्र मला सहन होत नाही. काय करावं ते सुचत नाही, बत्तीस वर्षांत असा बिघाड हातात आला नव्हता.

यंत्र तुला हवं ते घे. रिपोर्ट प्रामाणिक होता.
तुझा,
काका

*

जांभूळ,
२ मार्च २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी गुन्हा कबूल करते. मी आजीला सांगितलं. बारा वर्षं एका कुटुंबात दोघांनी दोन गैरसमज सांभाळायचे, हे मला जमलं नाही.

 ती तांदूळ निवडत राहिली. मग विचारलं की कधीपासून, आणि दुखतं का. नवस बोललेली नाही, निदान माझ्यासमोर तरी. संध्याकाळी तिने निरोप दिला तो तिच्याच शब्दांत देते, की हरी मांडवात बसंल त मी गान. शेवटपर्यंत बसायचं, मध्ये टँकर नाही.

तुम्ही म्हणाल, बसून करू काय? तेच सांगते.

काल बाबांबरोबर उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये यंत्र घ्यायला गेले. सिंधी शेठने पाच प्रकार काढले. मी एकच गोष्ट विचारत होते, की कीबोर्ड पडद्यापासून वेगळा केल्यावरही चालतो का? चार यंत्रांचे कीबोर्ड काढले की मुके होत. पाचव्याचा बिनतारी होता. बाबांना पडदा घेऊन काउंटरशी उभं केलं, कीबोर्ड घेऊन मी फुटपाथवर गेले आणि टाइप केलं की बाबा, शर्टाचं बटण लावा. बाबांनी आत बटण लावलं. शेठ म्हणाला की अशी तपासणी करणारं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नाही. मी म्हटलं, आमच्या घरी प्रेस शॉपची रीत आहे.

तर हळदीला पडदा तुमच्या मांडीवर असेल आणि कीबोर्ड माझ्या. मी आजीच्या शेजारी बसेन. ती ओळ म्हणेल, बाया ती परत म्हणतील, तेवढ्यात माझी टाइप करून होईल. आधीच छापून का देत नाही, असं विचारू नका. आजी ज्याच्या-त्याच्या मांडवात, बसलेली माणसं बघून, नावं आणि ओळी तिथल्या तिथे घालते. त्या आधी कुणालाच माहीत नसतात, तिलाही नाही.

बोटं अजून अडखळतात. रोज तिच्याबरोबर सराव करते. जमेल की नाही याची मला भीती वाटते, पण तुम्ही बसा.

तुमची खुर्ची आत मांडतेय, नाही म्हणू नये.
आपली,
जिज्ञासा

*

अंबरनाथ (पूर्व),
५ मे २०२५

चि. जिज्ञासास अनेक अनेक आशीर्वाद.

लग्नघर आवरलं. दिपेश आणि सूनबाई कुलदैवताला गेले आहेत, विनिता झोप भरून काढते आहे. मी रिपोर्ट लिहायला बसलोय. तुझ्या पद्धतीने, दोष आधी.

यंत्राचा पडदा उन्हात नीट दिसत नाही, मला मांडवाच्या मेढीच्या खांबाआड सरकावं लागलं. तिसऱ्या धवल्याच्या मध्यावर तू एक ओळ गाळलीस, हे नंतर तुझ्या बाबाने, धर्मेशने सांगितलं. डीजेवाल्याने मध्येच एकदा मशीन चालू केलं तेव्हा मी सवयीने उठायला लागलो होतो. धर्मेशने मागून खांदा दाबला. माझा धाकटा भाऊ आहे, पण हात जड आहे त्याचा.

मग ओळी यायला लागल्या. पांढऱ्या पडद्यावर एकेक अक्षर, थांबत थांबत. हळद कुठल्या मळ्यातून आली, पाणी कुठल्या विहिरीचं, चौक कुणी भरला. मी पडद्यावर ओळ वाचायचो आणि वर आईच्या ओठांकडे बघायचो. ओठांवर तीच ओळ असायची. बाया ती परत म्हणत होत्या म्हणून मला ती दुसऱ्यांदा पूर्ण मिळायची. तो लहानपणचा चालीचा झोका आठवायला लागला आणि शब्द त्यात आपोआप बसायला लागले. कानात खडखडाट होताच, पण मी गाणं ऐकत होतो, असंच म्हणेन.

आणि मग ती ओळ आली. मेढीला टेकून नवऱ्याचा बाप बसला, सखूचा हरी मांडवात बसला. स्वतःचं नावही तिने ओळीत घातलं होतं. मी वर पाहिलं. आई माझ्याकडे बघत होती. बायांनी ओळ परत म्हटली, आणि आईने ती तिसऱ्यांदा म्हटली. तशी रीत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तूही ती पुन्हा टाइप केलीस. एवढ्या माणसांत मी रडलो, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मांडवाखाली झोपली होतीस तेव्हाची गोष्ट तुला माहीत नाही. आई यंत्र घेऊन माझ्याजवळ आली आणि तुझं नाव कुठे लिहिलंय ते दाखव म्हणाली. तिला अक्षर येत नाही. माझं नाव ती सत्तावन्न वर्षं हाक मारून घेते आहे, पण लिहिलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. मी दाखवलं. तिने त्यावर बोट टेकलं, दोनदा, आणि पडद्यावर माझं नाव एकदम मोठं झालं. ती घाबरली, तिला वाटलं काही बिघडलं. मी म्हटलं, राहू दे तसंच. मग बराच वेळ आम्ही दोघं ते बघत बसलो.

तेव्हा माझा निकाल असा. साठ पानांचा प्रकल्प टाइप करायला दिपेशचा लॅपटॉप घेऊन जा, ते काम तुझ्या यंत्राचं नाही. जोड आहे तिथे बिघाड होतो हेही मी मागे घेत नाही. पण तुटून दोन्हीकडे चालणारं हत्यार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

काकावर लोभ तसाच ठेव, आणि खुर्ची यापुढे आतच मांडत जा.
तुझा,
हरिचंद्रकाका

ता. क. यंत्रातली जागा भरली तर बाकी काय हवं ते काढून टाक. ते पान मात्र पुसू नकोस, आईने पुढच्या रविवारी परत बघायला मागितलंय.